कुणाचा आवाज किती दूर

समाजमाध्यमांवरच्या राजकीय भांडणांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण ते बोलणे बहुतेक वेळा मजकुराभोवती फिरते. अमुक पोस्ट खोटी होती, तमुक माणसाने विखारी लिहिले, कोणत्या तरी पक्षाच्या आयटी सेलने अफवा सोडली. हे सगळे महत्त्वाचे आहेच. या पुस्तकाचा विषय मात्र त्याच्याही आधीचा आहे. एकाने लिहिलेले वाक्य वीस लाख लोकांपुढे जाते आणि दुसऱ्याचे तितकेच बरेवाईट वाक्य वीस जणांपुढेही जात नाही, हे ठरते कसे? ठरवणारा कोण? आणि आवाजाच्या या विषमतेचा समाज दुभंगण्याशी काय संबंध आहे? हा प्रश्न बाजूला ठेवून ध्रुवीकरणावर केलेली कोणतीही चर्चा अर्धीच राहते, असे माझे ठाम मत आहे.

एका पाहणीपासून सुरुवात करतो. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीसाठी ट्विटर वापरणाऱ्या प्रौढ अमेरिकी नागरिकांचा एक प्रातिनिधिक नमुना घेतला आणि त्यांच्या परवानगीने त्यांची खाती तपासली. ट्विटरचे ‘एक्स’ हे नामकरण तेव्हा व्हायचे होते. एकूण ट्वीटपैकी ८० टक्के ट्वीट अवघ्या १० टक्के लोकांनी केलेली निघाली. उरलेल्या ९० टक्क्यांतला सर्वसाधारण माणूस महिन्याकाठी दोन ट्वीट करत होता, तर त्या वरच्या दहा टक्क्यांतला सर्वसाधारण माणूस १३८. त्याच वर्षी केवळ राष्ट्रीय राजकारणाविषयीची ट्वीट वेगळी काढून पाहिली, तेव्हा त्यांतली ९७ टक्के १० टक्के लोकांची होती. म्हणजे राजकारणाच्या बाबतीत बाकीचे नव्वद टक्के लोक जवळजवळ गप्पच होते. आपल्या वाहिन्यांवर रोज संध्याकाळी ‘नेटकरी संतापले’ अशी पट्टी फिरते, तेव्हा हे आकडे आठवावेत. संतापलेले नेटकरी असतातच, पण ते किती आणि कोण, हे ती पट्टी सांगत नाही. ती पाहणारा माणूस मात्र सगळा देश संतापला आहे असेच समजून झोपायला जातो.

ध्रुवीकरण म्हणजे मतभेद नव्हेत. मतभेद नसतील तर निवडणूक घ्यायची कशाला? या विषयाचे अभ्यासक दोन गोष्टींत फरक करतात. धोरणांविषयीची मते एकमेकांपासून दूर जाणे ही एक, आणि दुसऱ्या पक्षाच्या माणसाविषयीच मनात अढी बसणे ही दुसरी. शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या दुसऱ्या गोष्टीवर बोट ठेवले. तुमच्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या घरात लग्न केले तर तुम्हाला वाईट वाटेल का, असा प्रश्न अमेरिकेत १९६० मध्ये विचारला होता. तेव्हा रिपब्लिकनांपैकी ५ टक्के आणि डेमोक्रॅटांपैकी ४ टक्के लोकांनी होकार दिला होता. २०१० मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ४९ आणि ३३ टक्के झाले. सोयरिकीच्या प्रश्नावरून समाज किती फाटला आहे ते कळते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

या आकड्यांतले साल नीट पाहिले पाहिजे. २०१० मध्ये समाजमाध्यमे आजच्या मानाने बाल्यावस्थेत होती. तोवर अमेरिका बरीच दुभंगलेली होती, आणि त्यामागे पक्षांची बदललेली घडण होती, केबल टीव्ही होता, वंशाचा आणि धर्माचा प्रश्न होता. बॉक्सेल, गेन्त्सकाऊ आणि शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की अमेरिकेत ध्रुवीकरण सर्वाधिक वाढले ते वयोवृद्धांमध्ये, म्हणजे इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्यांमध्ये. २०२० च्या निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी फेसबुकची मालक कंपनी मेटाच्या सहकार्याने मोठे प्रयोग केले आणि २०२३ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले. हजारो लोकांच्या फीडमधला समविचारी मजकूर सुमारे एक तृतीयांशाने कमी केला, तरी काही महिन्यांत त्यांची राजकीय मते हलली नाहीत. सगळे पाप मोबाइलच्या माथी मारणाऱ्यांनी हे निष्कर्ष दडवू नयेत. पण त्यांतून समाजमाध्यमे निर्दोष ठरतात असा अर्थ काढणेही चुकीचे आहे. एका माणसाचे फीड तीन महिने बदलल्याने जे होत नाही, ते अख्ख्या समाजात बोलणाऱ्यांची निवडच पंधरा वर्षे वेगळ्या रीतीने होत राहिली तर होऊ शकते. पक्ष कोणाला तिकीट देतो, पत्रकार कशाची बातमी करतो, पुढारी सकाळी उठून कोणाला उत्तर देतो, या सगळ्यांवर त्या निवडीची छाया पडते. एकेका वापरकर्त्यावर केलेल्या प्रयोगात ही छाया मोजली जात नाही.

आता दोन जुने अभ्यास. २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात लाडा अ‍ॅडॅमिक आणि नॅटली ग्लान्स यांनी हजाराहून अधिक राजकीय ब्लॉग तपासले आणि कोण कोणाच्या लिखाणाकडे दुवा देतो याचा नकाशा काढला. लाल म्हणजे रिपब्लिकन बाजूचा आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट बाजूचा, असे दोन पुंजके त्यात स्पष्ट दिसले. बहुतेक दुवे आपापल्या पुंजक्यातच होते, अधूनमधून एखादीच रेघ पलीकडे जात होती. समाजमाध्यमांवर लिहिल्या गेलेल्या जवळपास प्रत्येक ग्रंथात हे चित्र कुठे ना कुठे भेटते. ‘सगळे आपापल्या कोंडाळ्यात बसले आहेत’ ही समजूत त्यातून रुजली.

दुसरा अभ्यास या समजुतीला छेद देतो आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. इंडियाना विद्यापीठाच्या गटाने २०१० च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यांतली सुमारे अडीच लाख ट्वीट घेतली आणि दोन वेगळे नकाशे काढले. पहिला रीट्वीटचा, म्हणजे कोण कोणाचे म्हणणे पुढे पाठवतो याचा. तो ब्लॉगांच्या नकाशासारखाच दुभंगलेला निघाला. दुसरा नकाशा उल्लेखांचा होता, म्हणजे कोण कोणाचे नाव घेऊन त्याला उद्देशून बोलतो याचा. त्यात दोन पुंजके दिसेनात; दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांत मिसळलेली होती. ती एकमेकांशी बोलत होती, पण बोलण्याचा सूर बहुतांशी डिवचण्याचा होता. म्हणजे पलीकडचा आवाज आपल्यापर्यंत येतच नाही, हे निदान चूक आहे. तो येतो, आणि येतो तो पलीकडच्या सर्वांत कर्कश माणसाचा.

‘दुसऱ्या बाजूचेही ऐका’ हा उपदेश म्हणूनच तोकडा पडतो. क्रिस बेल या समाजशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ट्विटर वापरणाऱ्या डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन लोकांना त्याने थोडे पैसे दिले आणि विरुद्ध बाजूच्या पुढाऱ्यांचे व मतकर्त्यांचे संदेश रोज पुढे पाठवणारे एक खाते महिनाभर बघायला लावले. महिन्याच्या शेवटी रिपब्लिकन आधीपेक्षा अधिक कडवे झाले होते. डेमोक्रॅटांमध्येही मवाळपणा आला नाही. त्या लोकांना पलीकडचा शेजारी ऐकू आला असता तर काय झाले असते, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. त्यांच्या कानावर घातले गेले ते पलीकडचे पुढारी आणि फड गाजवणारे. ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेच्या २०१९ च्या अहवालात याचाच परिणाम दिसतो. दोन्ही पक्षांचे लोक समजत होते की समोरच्या बाजूला टोकाची मते असणारी माणसे प्रत्यक्षात आहेत त्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत.

अशी चुकीची समजूत होते कशी, याचे गणित सोपे आहे आणि ते समजून घेण्याजोगे आहे. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवले की बहुतेक लोकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला विचित्र वाटते, पण कारण साधे आहे. ज्याला खूप मित्र असतात तो खूप जणांच्या यादीत सापडतो, एकलकोंडा माणूस फारच थोड्यांच्या यादीत. आता शंभर जणांचे एक गाव कल्पा. त्यातल्या पाचच जणांचे मत टोकाचे आहे, पण ते पाचही जण असे आहेत की प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यांचे म्हणणे येते. उरलेल्या पंचाण्णवांपैकी प्रत्येक जण फार तर सात-आठ लोकांचे लिहिलेले वाचतो. त्या सात-आठांत हे पाच असतातच. मग त्या प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटते की गावात बहुमत त्यांचे आहे. कोणी खोटे बोललेले नाही, कोणी काही लपवलेले नाही. क्रिस्टिना लर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या घटनेची रीतसर मांडणी केली आणि तिला बहुमताचा भ्रम असे नाव दिले. एखादे मत किती लोकांचे आहे यापेक्षा ते कोणाचे आहे, यावर ते किती पसरलेले भासेल हे अवलंबून असते.

याच्या एक पाऊल पुढे जाणारा प्रयोग २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. अलेक्झांडर स्ट्यूअर्ट, जोशुआ प्लॉटकिन आणि सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून अधिक लोकांना मतदानाचा एक खेळ खेळायला लावला. प्रत्येक खेळात दोन सारख्याच संख्येचे पक्ष होते आणि प्रत्येक खेळाडूला सारख्याच संख्येच्या लोकांचा कल दिसत होता. बदलली होती फक्त जोडणी, म्हणजे कोणाला कोणाचा कल दिसतो ते. एवढ्यानेच निकाल एका पक्षाकडे झुकवता आला. मतदारसंघाच्या सीमा हव्या तशा आखून निवडणूक फिरवतात, तेच इथे माहितीच्या वाटांच्या बाबतीत झाले. आणि काहीही झाले तरी आपले मत न बदलणारे थोडेसे हट्टी लोक योग्य जागी बसवले, तर तेवढेही पुरेसे ठरते, असे त्यांना आढळले. ज्यांना समाजमाध्यम हा खुला चव्हाटा वाटतो, त्यांनी हा प्रयोग शांतपणे वाचावा. चव्हाट्यावर कोण कोणाला ऐकू येते हे निदान सगळ्यांना दिसत असते.

मग मोजक्यांना एवढा मोठा आवाज मिळतो कुठून? गुणवत्तेने, असे उत्तर ज्यांना तो मिळाला आहे ते देतात. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये हे उत्तर तपासून पाहिले. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी घेतली आणि १४,३४१ लोकांना ती ऐकून डाउनलोड करायला दिली. काही लोकांना फक्त गाणी दिसली. बाकीच्यांना आठ वेगळ्या जगांत वाटले आणि आपल्या जगात कोणते गाणे किती वेळा डाउनलोड झाले ते दाखवले. इतरांची निवड दिसताच गाजलेली गाणी जास्तच गाजली आणि पडलेली जास्तच पडली. शिवाय कोणते गाजेल याचा नेम राहिला नाही. एकच गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्यात चाळिसावे. फारच वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत. पण मधल्या मोठ्या पट्ट्यात सगळा खेळ सुरुवातीच्या चार टिचक्यांचा होता. पुढे २०१३ मध्ये लेव्ह मुचनिक, सिनान आरल आणि शॉन टेलर यांनी बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांवर याहून साधा प्रयोग केला. काही प्रतिक्रियांना त्यांनी स्वतःच सुरुवातीला एक पसंती देऊन टाकली. त्या एका पसंतीने त्या प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. पक्षांचे पगारी कार्यकर्ते नव्या पोस्टवर पहिल्या दहा मिनिटांत का तुटून पडतात, याचे उत्तर यात आहे.

आवाजाचे भांडवल असे साठत जाते. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच येत राहते. आणि राजकारणात ते साठवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग संतापाचा आहे. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी बंदुकांवरील नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरची ट्वीट तपासली. नीतीचा आणि भावनेचा एकत्र भार वाहणारा एकेक शब्द वाढला की ट्वीटचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढत होता, पण मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत. तोलून मापून लिहिणाऱ्याला ही बक्षिसी मिळत नाही. तो हळूहळू लिहायचे सोडतो.

यात कंपन्यांचा हात किती, हे आता बरेच उघड झाले आहे. फेसबुकच्या क्रमवारीत २०१७ पासून रागाच्या चिन्हासकट सर्व भावचिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन होते. ज्या पोस्टवर राग ओतला जातो त्यांत खोटे आणि विखारी मजकूर जास्त असतो, हे कंपनीच्याच अभ्यासकांनी २०१९ मध्ये सांगितले. रागाच्या चिन्हाचे वजन शून्यावर आणायला सप्टेंबर २०२० उजाडला. जगभरातल्या कोट्यवधी लोकांना काय आधी दिसावे हे एका गुणकावर ठरत होते, आणि तो गुणक कोणत्याही संसदेपुढे आला नव्हता. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने कागदपत्रे बाहेर आणली म्हणून तो आपल्याला कळला. त्याच कागदपत्रांतून आणखी एक व्यवस्था समजली. पुढारी, नट, खेळाडू अशा वजनदार खात्यांना कंपनीचे नेहमीचे नियम लगेच लागू होत नव्हते, त्यांच्यासाठी वेगळी चाळणी होती. २०२० मध्ये अशी किमान ५८ लाख खाती होती. ज्यांचा आवाज सर्वांत दूर जातो त्यांच्यावरच सर्वांत कमी बंधन, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत संतापजनक वाटते. ट्विटरने पुढे उघड बाजारच मांडला. निळी खूण पूर्वी ओळख पटवून मिळत असे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात ती मोबाइलवर महिना ९०० रुपयांना मिळू लागली, आणि पैसे भरणाऱ्याची प्रतिक्रिया इतरांच्या वर दिसू लागली.

तरीही सगळे काही यंत्र किंवा पैसा करतो असे नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने मला बराच काळ विचारात पाडले. संशोधकांनी २०२० च्या निवडणुकीच्या काळातली ६ लाख ६४ हजारांहून अधिक नोंदणीकृत अमेरिकी मतदारांची ट्विटर खाती पाहिली. खोट्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांचे ८० टक्के दुवे त्यांतल्या फक्त २,१०७ जणांनी पसरवले होते. हजारात तीन. ही माणसे म्हणजे स्वयंचलित खाती असतील असा अंदाज होता, पण तसे पुरावे मिळाले नाहीत. बहुसंख्य स्त्रिया होत्या, सरासरी वय साठीच्या जवळ होते, रिपब्लिकन मतदारांचे प्रमाण जास्त होते, आणि हाताने, चिकाटीने, दिवसेंदिवस त्या रीट्वीट करत होत्या. ट्विटरवरच्या नोंदणीकृत मतदारांपैकी विसात एकाहून थोड्या जास्त लोकांपर्यंत त्यांचे म्हणणे थेट पोहोचत होते. हा दोष एका पक्षाचा आहे असेही कोणी समजू नये. प्यूच्या २०१९ च्या पाहणीत राजकीय ट्वीटचा मोठा वाटा ट्रम्प यांना कडाडून विरोध करणाऱ्यांचा होता. मुद्दा त्या बायकांना नावे ठेवण्याचा नाही. आपण देशासाठी काही करतो आहोत असेच त्यांना वाटत असणार. मुद्दा हा की दोन हजार माणसांची चिकाटी काही लाखांच्या राजकीय समजुतीवर स्वार होऊ शकते आणि त्या काही लाखांना त्याचा पत्ताही नसतो.

आवाजाची विषमता समाजमाध्यमांनी जन्माला घातली असे मी म्हणत नाही. मराठी वाचकाला तरी असे सांगता येणार नाही. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही, ही नोंद प्रसिद्ध आहे. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांवर उभे राहिलेले ते पाक्षिक फार काळ टिकू शकले नाही. छापखाना कोणाच्या ताब्यात, कागद घेण्याची ऐपत कोणाची, वाचता कोणाला येते, या सगळ्यांवर तेव्हा कोणाचे म्हणणे पोहोचेल हे ठरत होते. इंटरनेट आले तेव्हा हा जुना अन्याय संपेल अशी आशा खोटी नव्हती. ज्यांना संपादकांच्या टेबलापर्यंत जाता येत नव्हते अशा कितीतरी दलित, भटक्या, आदिवासी आणि स्त्री लेखकांना फोनमुळे वाचक मिळाले, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याचे मोल मला कमी करायचे नाही. पण जुन्या विषमतेला चेहरा होता. ‘केसरी’ कोणाचा आहे हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून त्याला जाब विचारता येत होता. आजच्या विषमतेवर समतेचा मुलामा आहे. प्रत्येकाला सारखाच चौकोन लिहायला मिळतो. तो किती जणांना दिसेल हे मागच्या खोलीत ठरते.

आधीच्या पिढीतल्या प्रभावी माणसालाही असाच चेहरा होता. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड यांनी इलिनॉयमधल्या डिकेटर या गावातल्या सुमारे ८०० स्त्रियांशी बोलून १९५५ मध्ये मांडले की वर्तमानपत्र आणि रेडिओचे म्हणणे लोकांपर्यंत थेट कमी जाते, ओळखीच्या जाणकार माणसामार्फत जास्त जाते. अशी माणसे प्रत्येक थरात होती. चुकीचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याच बाईला त्याच दुकानात भेटायचे असे. आज हजारो मैलांवरच्या प्रभावी माणसाला हा धाक नाही.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे, कारण आपले राजकारण मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. तिथे क्रमवारी लावणारे यंत्र नाही. तिथे ग्रुप अ‍ॅडमिन आहे, शंभर ग्रुपांत असलेला कार्यकर्ता आहे, आणि काकांच्या विश्वासावर पुढे जाणारा फॉरवर्ड आहे. ‘ग्रुपवर राजकारण नको’ अशी सूचना मराठी घराघरांतल्या ग्रुपवर येऊन गेली आहे. ती कोण देतो, कोणाची पोस्ट आल्यावर देतो आणि कोणाची आल्यावर देत नाही, यात त्या घराची सत्तारचना उघडी पडते.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेले भटके लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत फोनांवरून पसरलेली होती. ही घटना पक्षीय राजकारणाची नव्हती, तरी ती इथे नोंदवतो, कारण त्यानंतर जे झाले त्यातून या विषयाचे मर्म कळते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम जगभर केला, आणि अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. एकही संदेश वाचला गेला नाही, कोणाच्या लिहिण्यावर बंदी आली नाही. बदलली ती फक्त पोहोच. म्हणजे पोहोच ही निसर्गनियमाने ठरत नाही, कोणीतरी ती आखलेली असते, आणि आखणी बदलता येते. राईनपाड्याच्या आधी ती बदलता आली नसती, असे मानायला काही आधार नाही.

७ जून २०२३ चे कोल्हापूरही आठवावे. काही तरुणांनी ठेवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून शहरात बंद पुकारला गेला, जमाव जमला, पोलिसांनी लाठीमार केला, इंटरनेट बंद ठेवावे लागले. स्टेटस दिसते ते ज्यांच्याकडे तुमचा नंबर आहे अशांनाच, आणि तेही चोवीस तास. ते शहरभर होते ते कोणीतरी ते उचलून पुढे पाठवते म्हणून. चार पोरांच्या हातात शहर पेटवण्याची ताकद नसते. ती ताकद त्यांचे स्टेटस हजारांपर्यंत नेणाऱ्यांकडे असते, आणि त्यांची नावे सहसा कुठल्याच बातमीत येत नाहीत.

या सगळ्याचा सर्वांत मोठा बळी आहे गप्प बसलेला माणूस. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्यूने लोकांना विचारले होते की एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या अमेरिकी सरकारच्या पाळतीविषयी तुम्ही कुठे बोलाल. समोरासमोर बोलायला ८६ टक्के तयार होते. फेसबुक आणि ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे लिहायला ४२ टक्के. आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की माणूस बोलत नाही, हे एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ मध्येच मांडले होते. आता त्याला बहुमताचा भ्रम जोडून पाहा. मोजके लोक सर्वत्र दिसतात, म्हणून ते बहुसंख्य वाटतात, म्हणून बाकीचे गप्प बसतात, म्हणून मोजकेच उरतात. मराठा आणि ओबीसी आरक्षणाचा वाद पेटला होता तेव्हा दोन्ही समाजांतली कितीतरी समंजस माणसे खासगीत एकमेकांशी नीट बोलत होती आणि ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहीत नव्हती. त्यांच्या मौनाचा अर्थ त्यांच्याच मुलांनी संमती असा घेतला असेल तर दोष मुलांचा नाही.

शेवटी एका अडचणीविषयी सांगितले पाहिजे, कारण ती दिवसेंदिवस वाढते आहे. वर उल्लेखलेले ट्विटरवरचे बहुतेक अभ्यास झाले ते कंपनी संशोधकांना माहिती मोफत किंवा स्वस्तात देत होती म्हणून. २०२३ मध्ये ती सोय बंद झाली. फेसबुकवर काय पसरते आहे हे पत्रकारांना दाखवणारे क्राउडटँगल हे साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केले. आज कोणाला तोच अभ्यास पुन्हा करायचा म्हटले तर करता येणार नाही. युरोपीय संघाने डिजिटल सेवा कायद्याने मान्यताप्राप्त संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडून माहिती मिळवण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना दरमहा अहवाल द्यावा लागतो, पण त्यात तक्रारी किती आल्या आणि मजकूर किती काढला एवढेच असते. कोणाचा मजकूर किती जणांपर्यंत नेला, हे त्यात नसते. मराठीतला विखार ओळखायला कंपन्यांकडे माणसे किती, हेही त्यात नसते.

येत्या निवडणुकीत मत मागायला उमेदवार दारात येतील, तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर त्यांना हेही विचारा: या कंपन्यांनी कोणाचा आवाज किती दूर नेला, याचा हिशेब जनतेपुढे ठेवायला लावणारा कायदा तुम्ही मागणार आहात का?